रेशनकार्डावरचं पहिलं नाव

माझी मोठी जाऊ गेली, आणि मी अजून तिच्यावर जळतेय.

आज तिचं तेरावं. लोक तिच्याबद्दल इतकं चांगलं बोलून गेले की माझं डोकं दुखायला लागलं. म्हणून इथे लिहितेय. ती काही वाचणार नाही. फोनमध्ये ती फक्त फोटो बघायची, तेही स्वतःचे.

शकूताई.

वज्रेश्वरीला देवळाच्या रस्त्यावर आमचं जांभळाच्या सरबताचं टेबल आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी प्यायलंय.

"शकूताईचं सरबत" म्हणून.

आता ऐका. जांभळं निवडायची मी, शिजवायची मी, गाळायची मी. बाई टेबलावर बसून गप्पा हाणायची. आणि नाव तिचं.

मग कोरोना आला. देऊळ बंद, गरम पाण्याची कुंडं बंद, एसटी बंद. भिवंडीत नारपोलीला माझा नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, ते पण बंद. भरलेल्या बाटल्या खाटेखाली पडून होत्या. काही फुगून फुटल्या. भिंतीवरचे ते जांभळे डाग अजून तसेच आहेत.

नंतर कळलं, बुडालेल्या छोट्या सरबतवाल्यांना सरकार मदत देतंय. थोडं अनुदान आणि बाटल्या भरायचं मशीन.

पण एका रेशनकार्डावर एकच अर्ज. आमचं कार्ड एक, आणि त्यावर पहिलं नाव घरातल्या मोठ्या बाईचं.

म्हणजे पुन्हा शकूताई.

यावरची युक्ती गावात सगळ्यांना माहीत होती. चूल वेगळी झाली असं दाखवायचं, दुसरं कार्ड काढायचं, दोन अर्ज टाकायचे. मी तिला म्हटलं, ताई, फक्त कागदावर. जेवायचं एकत्रच.

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली,

"कागदावर येगली केलेली चूल घरात येगली व्हायला टाईम लागत न्हाय."

विषय संपला. अर्ज तिच्या नावाने गेला.

मशीन आलं. टेम्पोतून उतरवताना एक बाजू तिने धरली, एक मी. गावाच्या ग्रुपवर फोटो आला, त्यात ती अख्खी आणि माझा मनगटापर्यंतचा हात. बांगड्यांवरून माझ्या आईने ओळखला.

सगळ्यांनी हार्ट टाकले. मी पण टाकला, दातओठ खात.

देऊळ उघडलं तशी मी तिरीमिरीत तिच्यापासून दहा पावलांवर माझं वेगळं टेबल मांडलं. सरबत त्याच पातेल्यातलं. म्हटलं, कळू दे एकदा लोकांना हात कोणाचा आहे ते.

पहिलं गिऱ्हाईक पिऊन म्हणालं, शकूताईसारखं नाही लागत. दुसरंही तेच म्हणालं. तिसऱ्याने अर्धा ग्लास तसाच ठेवला.

दुपारी ती स्वतः आली. पैसे टेबलावर ठेवले, उभ्या उभ्या ग्लास संपवला.

"मीठ कुठाय?"

कसलं मीठ? तर बाई इतकी वर्षं गप्पा मारता मारता प्रत्येक ग्लासात काळं मीठ टाकत होती. तेही माणूस बघून. उन्हातून चालत आलेल्याला जास्त, गाडीतून उतरलेल्याला कमी, बारक्या पोरांना नावापुरतं. मी मागे पातेल्यापाशी, मला कधी दिसलंच नाही.

मी म्हटलं, सांगितलं का नाही कधी? तर म्हणाली, तू कधी विचारलंस?

टेबल उचलून परत तिच्या शेजारी लावलं. प्रेमाने नाही हां, धंद्यासाठी. उलट त्या दिवसापासून जास्तच जळायला लागले. आधी निदान वाटायचं, हिला काही येत नाही, फुकटचं नाव होतंय. आता तसं म्हणायचीही सोय राहिली नाही.

गेली तीही कशी. सकाळी टेबल मांडलं, छातीत दुखतंय म्हणाली, भिवंडीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नवऱ्याच्या आधी गेली, अहेव. हिरवी साडी, मळवट, पाया पडायला गावच्या बायकांची रांग. मी तिला साडी नेसवत होते आणि मनात म्हणत होते, इथे पण तुझाच पहिला नंबर.

आज जेवणं उरकल्यावर दादांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचा.

"भरून टाक. आता घरात मोठी तू. पहिलं नाव तुझंच लागल."

हेच पाहिजे होतं ना मला? वर्षानुवर्षं हेच पाहिजे होतं.

पेन घेऊन बसले. तिचं नाव लिहिलं. पुढे "नाव कमी करण्याचं कारण" असा रकाना आहे. तिथे हात चालेना.

फॉर्मची घडी केली आणि मशीनखाली सारली. दादांना सांगितलं, जांभळांचा सीझन जाऊ दे, मग बघू. ते उठले. बाहेर जाऊन बसले.

शकूताई, आज तुझ्या तेराव्याला आलेल्यांना सरबत दिलं. मीठ टाकलं, पण माणूस बघून टाकायला मला जमत नाही. सगळ्यांना सारखंच पडलं. कोणी बोललं नाही, पण कळलं असणार.

कार्डावर पहिली तूच राहा अजून थोडे दिवस.

मला जळायला कोणीतरी लागतं गं.

चूल एकच आहे. जा आता, सांभाळून जा.