डब्यातली जमीन

पारनेर तालुक्यातल्या माळवाडीची छबूबाई औटी एकसष्ट वर्षांची होईपर्यंत पाण्यावरून कधी गेली नव्हती. गावचा ओढा ओलांडला असेल तेवढाच, आणि तो वर्षातून दोन महिने वाहायचा. अशी बाई १९७१ सालच्या फेब्रुवारीत, सहा तारखेला, शनिवारी दुपारी मुंबईच्या बंदरात आफ्रिकेतल्या मोंबासाच्या बोटीवर चढली, ती हन्नाबाई अमोलिकच्या भरवशावर. आणि हन्नाबाई चढली ती छबूबाईच्या भरवशावर. हन्नाबाईची मुलगी कृपा मोंबासाला नवऱ्याबरोबर राहत होती. त्याच जावयाने, यशयाने, छबूबाईच्या श्रीमंतला सहा वर्षांपूर्वी तिथल्या बंदरात फिटरच्या कामाला लावले होते. दोन्ही घरांनी मिळून दोघी म्हाताऱ्यांची तिकिटे पाठवली. छबूबाईला तीन वर्षांचा नातू होता आणि तो तिने फोटोतच पाहिला होता.

दोघींची ओळख पस्तीस वर्षांची. हन्नाबाईचे यजमान गिदोन मास्तर माळवाडीच्या मिशन शाळेवर शिकवायला आले, तेव्हा हन्नाबाई नगरच्या दवाखान्यातले नर्सिंग शिकून नुकतीच लग्न झालेली पोर होती. गावात तिला घर मिळाले, पण विहीर मिळाली नाही. पहिले चार महिने ती घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर उभी राहायची, आणि कुणाला वेळ मिळालाच तर ते वरून पाणी ओतायचे. छबूबाईने दोन-तीनदा ओतले. चौथ्या वेळी पोहरा आणि दोर हन्नाबाईच्या हातात देऊन म्हणाली, "माझा हात दुखतोय. तूच शेंद." हात वगैरे काही दुखत नव्हता. गावात आठ दिवस कुजबूज झाली आणि विरून गेली. पुढे मास्तरांची बदली नगरला झाली, हन्नाबाई पुन्हा दवाखान्यात लागली, पण दर दिवाळीला माळवाडीहून बाजरीचे पोते आणि दर नाताळाला नगरहून करंज्यांचा डबा, हे कधी चुकले नाही. त्या पोहऱ्याची फेड आपल्याकडून झालेली नाही, असे हन्नाबाईला कायम वाटत असे.

बोट सुटली तेव्हा छबूबाई कठड्याला धरून उभी होती. खालच्या वर्गात त्यांना शेजारी-शेजारी दोन फळ्यांचे पलंग मिळाले होते. शनिवारी संध्याकाळी ती नीट जेवली, आणि आचाऱ्याच्या भाताला नावेही ठेवली.

"भात हाय का खळ? पोस्टाचं पाकीट चिकटवावं असला हाय."

"खा गं गुपचूप. नऊ दिवस हाच खायचाय," हन्नाबाई म्हणाली.

रविवारी सकाळी मात्र छबूबाईने चहालाही हात लावला नाही. मळमळतंय, म्हणाली. सोमवारी तेच. हन्नाबाईने लिंबू दिले, आल्याची वडी दिली. बोटीवरच्या डॉक्टरांनी येऊन गोळ्या दिल्या. छबूबाई गोळ्या पदराच्या टोकाला बांधून ठेवायची आणि तेवढे पाणी प्यायची. हन्नाबाई वीस वर्षे रोग्यांमध्ये वावरलेली, तिच्या वहीत सकाळ-संध्याकाळची नाडी लिहून ठेवलेली असे. मंगळवारच्या सकाळची नाडी पाहून तिला भीती वाटू लागली. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात आणखी दोन दिवस असे गेले तर शिरेतून सलाइन द्यावे लागेल, आणि त्यांच्याकडे बाटल्या फार नाहीत. किनारा अजून सहा दिवस लांब होता. श्रीमंत धक्क्यावर आईची वाट बघत उभा असेल, आणि आपण त्याला काय सांगायचे, हा विचार हन्नाबाईला बसू देईना.

गंमत अशी की छबूबाईला ओकारी एकदाही झाली नव्हती. बोट लागलेली माणसे आजूबाजूला पडलेली होती, त्यांचे हाल हन्नाबाई बघत होती. त्यांच्यात आणि हिच्यात फरक आहे, हे तिच्या ध्यानात यायला मंगळवार उजाडला.

त्या दिवशी पहाटे तिला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. ती वर डेकवर गेली. सूर्य उगवत होता. छबूबाई एका कोपऱ्यात गुडघे टेकून बसली होती आणि लोखंडी पत्र्याच्या सांध्यात बोट घालून काहीतरी खरवडत होती. बोटाला तांबूस गंज लागला. तिने तो हुंगला, पदराला पुसला आणि तशीच बसून राहिली.

"छबू, काय शोधतीस?"

"काय न्हाई."

"मळमळत नाहीये तुला. मला नर्सला फसवतीस होय?"

छबूबाईने समोरच्या पाण्याकडे बोट केले. मग म्हणाली, "ही गाडी थांबनार कवा?"

"मोंबासाला."

"आगं, पर मधी? यष्टी सुदिक चापान्याला थांबती. मला वाटलं, दिवस मावळला का ही बी कुटंतरी कडंला लागंल, मानसं उतरतील, हातपाय मोकळं करतील. श्रीमंतनं कागदात लिवलंच न्हाई का मधी जिमीनच न्हाई म्हनून."

तेव्हा हन्नाबाईला सगळे समजले, आणि माळवाडीत रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आपल्याला कशी आठवली नाही, याची तिला लाज वाटली. छबूबाई रोज सकाळी उठली की आधी उंबऱ्याबाहेर जाऊन जमिनीला हात लावायची, तो कपाळाला टेकवायची, आणि मगच चूळ भरायची. तिच्या सासरी-माहेरी कष्टकरी बायांची ती रीतच होती. पण छबूबाईने तिच्यात एकदाही खंड पडू दिला नव्हता. बाळंतिणीच्या खाटेवर असताना तिने सासूकडून सुपात माती आणवली होती. जिच्यावर पोट भरतो तिला विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही, एवढेच तिचे म्हणणे.

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू म्हनली असतीस, देव समदं बघतो, खा म्हनून."

हन्नाबाई हेच म्हणणार होती. तोंडापर्यंत आलेले ते वाक्य तिने गिळले.

ती तडक स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आचारी रत्नागिरीकडचा, दाढीला पांढरे केस आलेला माणूस होता. तिने त्याच्याकडे माती लागलेले बटाटे मागितले.

"आजी, लोक धुतलेले मागतात, तुम्ही मळके मागताय," तो म्हणाला. तरी त्याने पोत्याच्या तळातून हात घालून एक बटाटा काढून दिला, मातीचा पोपडा चिकटलेला.

छबूबाईने बटाटा हातात फिरवून पाहिला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. "हन्ना, ही काय जिमीन झाली व्हय? हिच्यात पेरलेलं उगवंल का? बटाट्याच्या पाया पडू म्हनतीस?" तिने तो बटाटा परत केला, पण "त्या बाबाला माझा नमस्कार सांग," असेही सांगितले.

हन्नाबाई पलंगावर येऊन बसली. तिच्या पलंगाखाली, ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्यात माती होती, आणि ती माती कुठली ते तिने कोणालाही सांगितले नव्हते. एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात गिदोन मास्तर वारले तेव्हा कृपाला येता आले नाही. तार पोहोचेपर्यंत दफन होऊन गेले होते. नंतर तिचे पत्र आले : "पप्पांच्या कबरेत सगळ्यांनी माती टाकली असेल, आई. माझी तेवढी राहिली." हन्नाबाईने ते पत्र पवित्र शास्त्रात, तिच्या बायबलात, जपून ठेवले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी ती नगरच्या कबरस्तानात गेली, कबरेवरची माती ओंजळी-ओंजळीने डब्यात भरली आणि झाकण कापडाने बांधले. पाळकसाहेबांना कळले तर ते काय म्हणतील, याची तिला खात्री नव्हती. कृपाच्या हातून त्यातली मूठभर तरी मातीत मिसळावी, एवढीच तिची इच्छा होती.

आता दिवसभर तो डबा तिच्या डोक्यातून जाईना. काही न सांगता छबूबाईपुढे डबा ठेवला असता, घराच्या अंगणातली माती म्हणून, तर ती हात लावून मोकळी झाली असती. पण कबरेची माती. शेतकऱ्याच्या घरची बाई मयताला जाऊन आली तर आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ जात नाही, हे हन्नाबाईने माळवाडीत चौदा वर्षे पाहिले होते. आणि इथे तर सकाळच्या पहिल्या घासाआधी कपाळाला लावायची गोष्ट. सांगावे तर ती नाही म्हणणार, आणि मग खाणे संपलेच. न सांगावे तर ज्या बाईने विहिरीवर गावादेखत दोर हातात दिला, तिलाच फसवल्यासारखे होईल.

बुधवारी सकाळी ती डबा घेऊन छबूबाईशेजारी बसली.

"यात माती आहे. नगरची. पण आधी ऐक, मग हात लाव. ही यांच्या कबरेवरची आहे. कृपासाठी नेतेय. तुला चालत नसेल तर नाही म्हण, मला राग नाही यायचा. पण खोटं सांगून मी तुझ्या कपाळाला ती लावू देणार नाही."

छबूबाईने डब्याकडे पाहिले. कापड सोडायला लागली, तेव्हा तिची बोटे अशक्तपणाने गाठीवरून घसरत होती. हन्नाबाईने गाठ सोडून दिली.

"मास्तरांची?"

"हं."

"हिच्यात माझी बी मूठ हाय की गं."

हन्नाबाईला अर्थ लागला नाही.

"त्या दिशी श्रीमंतच्या बापानं सांगावा आनला. मी तशीच शेतातनं यष्टीनं आले. घरी न जाता थेट तिकडंच गेले. तुला धरून बाया उब्या हुत्या, तुला कुटं भान हुतं. तुमच्यातली समदी माती टाकून मागं सरली, तवा मी फुडं झाले. एक पांढऱ्या कोटातला मानूस माझ्याकडं बघाया लागला, ही कोन म्हनून. मी म्हनलं, मास्तरांनी माझं पोर शिकिवलंय. तर त्यानंच मला वाट दिली." तिने डब्यावरच्या कापडाची घडी घातली. "मग घरी जाऊन आंगूळ केली. रीत ती रीत. पर मूठ दिली ती दिली."

हन्नाबाई पंधरा महिने दफनाच्या दिवसाची एकेक गोष्ट आठवत आली होती, कोण आले, कोणी कोणते गीत सुरू केले, पाळकसाहेबांनी कोणता उतारा वाचला. ही एक गोष्ट तिच्याजवळ नव्हतीच. ती पदर तोंडाला लावून बसली.

छबूबाईने उजवा हात डब्यात टेकवला, सावकाश, पूर्ण पंजा, आणि कपाळाला लावला. मग म्हणाली, "रडती काय, चा आन. आनि त्या बाबाला सांग, भात त्या दिशीच्यावानी नगं."

त्या दिवशी ती अर्धी वाटी पेज प्यायली. गुरुवारी सकाळी डब्याला हात लावून दोन पाव खाल्ले. शुक्रवारी तिने हन्नाबाईच्या वहीत डोकावून विचारले, "अजून काय लिवतीस? मेलेली न्हाई मी." शनिवारी ती आचाऱ्याला भाकरी कशी थापतात ते दाखवायला गेली, आणि त्याच्या तव्याला नावे ठेवून परत आली.

मधेच तिने आणखी एक उद्योग केला होता. श्रीमंतच्या परसात लावायला ती बियांच्या पुरचुंड्या घेऊन आली होती. बुधवारीच, चहा प्यायल्यावर, त्यातले मेथीचे चिमूटभर दाणे तिने डब्यात टाकले आणि वर पाण्याचा हात शिंपडला. हन्नाबाई दचकली.

"अगं, हे काय?"

"जिमीन रिकामी ठिवत न्हाईत. मास्तरांनी तरी कवा ठिवली? शाळंच्या मागं वांगी लावायचे ते."

हे खरेच होते. हन्नाबाईने हरकत घेतली नाही. ती रोज सकाळी शास्त्र वाचून प्रार्थना करी, आणि शेजारी छबूबाई डब्याला हात लावी. दोघींची कामे साधारण एकाच वेळी आटपत, आणि मग चहा येई.

सोमवारी, पंधरा तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला मोंबासा दिसले. कस्टमच्या माणसाने लोणच्याच्या बरण्या उघडून हुंगल्या, डब्याकडे लक्षही दिले नाही. धक्क्यावर श्रीमंत बायकोला आणि मुलाला घेऊन उभा होता. तो पाया पडायला वाकला, तर त्याची आई त्याच्याही आधी वाकलेली. तिने जमिनीला हात लावला, कपाळाला टेकवला, मग मुलाच्या तोंडावरून तोच हात फिरवला.

"वाळलीस गं आई," श्रीमंत म्हणाला.

"तू कागदात समदं लिवत न्हाईस, म्हनून वाळले," ती म्हणाली, आणि नातवाला उचलायला हात पुढे केले.

संध्याकाळी कृपाच्या घराच्या मागच्या दारी हन्नाबाईने डबा मुलीच्या हातात दिला. काय आहे ते सांगितले. कृपाने झाकण काढले. आत मातीभर हिरवी मेथी उभी होती, बोटाएवढी, दोन-दोन पानांची, एका बाजूला कललेली.

"आई, यातून मूठ कशी घेऊ? मोडतील ना गं."

उत्तर छबूबाईनेच दिले. ती मुलगा-सून-नातू यांच्यासकट तिथेच येऊन बसली होती, श्रीमंतच्या घरी जायचे सोडून.

"मोडतील त्या काड्या मोडू दे. बाकीच्या लागतील. तुझी मूठ राहिलीय ना? मग घे की."

कृपाने मूठ भरली. यशयाने केळीच्या बुंध्याशी जागा उकरली होती. तिने ती मूठ तिथे सोडली, मग उरलेला डबा तसाच्या तसा, माती आणि मेथीसकट, वर उपडा केला. हन्नाबाईने प्रार्थना केली. तिने त्या दिवशी देवाचे आभार मानले ते मुलीला भेटवल्याबद्दल, समुद्र शांत ठेवल्याबद्दल, रत्नागिरीच्या आचाऱ्याबद्दल, आणि नोव्हेंबरात कबरेशी वाट देणाऱ्या पांढऱ्या कोटाच्या माणसाबद्दल, ज्याचे नाव तिला ठाऊक नव्हते.

मे महिन्यात दोघी परत निघाल्या. बोटीवर पहिल्या रात्रीची झोप झाल्यावर हन्नाबाईला जाग आली, तर छबूबाई आधीच उठून बसलेली. मांडीवर बिस्किटांचा तोच डबा, भरलेला. केळीच्या बुंध्याजवळची तांबडी माती तिने निघायच्या आदल्या दिवशी स्वतः भरून घेतली होती.

"ही मास्तरांच्या तितं टाकायची," ती म्हणाली. "पोरीकडची हाय." तिने हात टेकवला, कपाळाला लावला, आणि डबा हन्नाबाईपुढे सरकवला.

हन्नाबाईने आयुष्यात असे कधी केले नव्हते. तिने क्षणभर शास्त्र बाजूला ठेवले, उजवा हात त्या तांबड्या मातीवर टेकवला आणि तो तसाच ठेवला. तेवढ्यात चहा आला.