सरांची उधई आणि काकूंचं विरजण

दाराच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागली म्हणून आनंद होणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो अमरावतीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे सर लग्नाला गेले तर नवरानवरीआधी मांडवाचे बांबू बघतात. चांदूर बाजारची, भातकुलीची, अकोटची उधई त्यांच्या घरात वेगवेगळ्या डब्यांतून सुखाने नांदते आणि ओट्यावर पोळपाटाशेजारी सूक्ष्मदर्शक असतो. "उधई लाकूड नुसतं खाते. पचवतात ते तिच्या पोटातले जीव," हे ते दूधवाल्यालाही थांबवून सांगतात. "अन् ते जीव सगळीकडं सारखे नसतात. जशी जात, जसं खाणं, तशी पोटातली वस्ती." एकदा मी औषध मारायला माणूस बोलावला, तर सर आमच्या चौकटीपुढे हात पसरून उभे राहिले. "थांब बापू, आधी मले दोन-चार घेऊ दे!"

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अकोटच्या. लग्नानंतर एसटीत मांडीवर वाटी धरून त्यांनी माहेरचं विरजण आणलं आणि रोजच्या रोज दुधाला लावून जन्मभर मोडू दिलं नाही. सर जेवता जेवता म्हणायचे, "चौकटीतली उधई कात टाकते, तवा पोटातले जीवही जातात. मंग सोबतिणीच्या पोटातून घ्या लागते. तुह्या विरजणासारखंच." काकू ताक वाढत म्हणायच्या, "जेवताना तरी तुमची उधई बाहेर ठेवा."

गेल्या साली काकू गेल्या. तेरवीनंतर अकोल्याच्या लेकीने सरांना आपल्याकडे नेलं, आणि निघण्याआधी बिचारीने मायेने सगळा फ्रिज घासून पुसून ठेवला. सर परतले तेव्हा विरजणाची वाटी फळीवर लख्ख पालथी होती. दुकानातलं दही आणून लावून पाहिलं, एक घास घेऊन बाजूला सारलं. मग जेवणावरची वासनाच उडाली. उधईच्या डब्यांची झाकणंही ते उघडेनासे झाले.

एका संध्याकाळी तीच वाटी घेऊन सर आमच्या दारात उभे राहिले. जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ न मागितलेला हा माणूस! आमच्या घरचं दही काकूंच्याच विरजणाचं, हे त्यांना आठवलं होतं. पण आई नुकतीच देवापुढे दिवा लावून उठली होती, आणि दिवेलागणीनंतर आमच्याकडे विरजण घराबाहेर देत नाहीत. जळता दिवा दिसताच सर ओशाळून माघारी वळले.

"थांबा सर," आई म्हणाली. "हे देणं नाई. तिचं तिच्या घरी चाललं."

भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून सर पुटपुटले, "तुमच्याकडं राहून बदललं असन थोडं, वहिनी. जीव बदलतात."

"बदलू द्या. लावलेलं तं तिनंच हाय."

सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "वहिनी, लागलं!" आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "आज जेवतीन."

दुपारी सर आमच्या चौकटीशी डबी घेऊन वाकलेले दिसले. औषधवाल्याला मी पुन्हा बोलावलं नाही.