दोन कॅप्टनांच्या पोटऱ्या

होस्टेलच्या दोस्तांनो, सकाळपासून सारे मले एकच विचारून राहिले: आजच्या फुटबॉलच्या फायनलमध्ये आपला भास्कर भारी, का अकोल्याचा हमीद? म्हणून फळ्यावरच लिहितो.

पाहुण्या टीमची मालीश आपणच करायची, हा अमरावतीचा रिवाज. मी तालमीतला, म्हणून दोन्ही कॅप्टन माझ्याच हाताखाली आले.

आधी हमीद. त्यानं हळूच विचारलं, “भास्करचे पाय कसे हायेत?”

“तुह्यासारखेच,” मी म्हटलं.

मग भास्कर आला. तोही कुजबुजला, “काबे, हमीदचे पाय कसे हायेत?”

त्यालेही तेच सांगितलं. खोटं नाही बोललो. तेलाच्या हाताखाली दोघांच्याही पोटऱ्या थरथरून राहिल्या होत्या.

आता तुमीच सांगा, पाच वाजता मी कोनाच्या नावानं ओरडू?