काट्यांची झडती घेणारे मामा

जगात निर्दोष असं काही असतं, यावर माझ्या बायकोच्या मामांचा विश्वासच नाही. कोयलीच्या रिफायनरीत गळती शोधण्यात त्यांची सगळी हयात गेली. निवृत्तीनंतर तोच संशय घरी आला. भाजीवालीने कोथिंबीर फुकट घातली, तर "फुकट का दिली?" म्हणत मामा अर्धा तास तिची काडी काडी तपासत.

मामी गेल्या आणि हा सगळा संशय मामींनी स्वतःच्या हाताने गॅलरीत लावलेल्या फड्या निवडुंगाभोवती गोळा झाला. मामांनी कुठल्याशा मासिकात एका परदेशी पतंगाबद्दल वाचलं. त्याच्या केशरी अळ्या निवडुंग आतून पोखरून चिखल करतात, आणि मादी अंडी अशी एकावर एक रचते की ती हुबेहूब काटाच वाटावीत. झालं! बडोद्यात हा पतंग कुणी पाहिलेला नव्हता. "पाहिला नाही, म्हणजेच लपलाय," मामा म्हणाले. मग रोज सकाळी चिमटा घेऊन एकेका काट्याची उलटतपासणी.

अशात त्यांची मुलगी वृंदा फ्लोरिडाहून आली, आई गेल्यावर पहिल्यांदाच. तो पतंग फ्लोरिडात असतो, हे मामांना पाठ होतं. त्यांनी तिला पार्किंगमध्येच अडवलं, बॅगा उघडायला लावल्या आणि भिंगाखाली कपडे, चॉकलेटं, बुटांचे तळवे घातले. वॉचमनला राहवेना. "काका, बेन आव्या छे, घरमां तो आववा दो ने!"

"बाबा, एकदा माझ्याकडे तरी बघा," वृंदा म्हणाली. मामा बुटाची नाडी उसवत होते. तिने बॅगा आवळल्या आणि सरळ सयाजीगंजच्या हॉटेलात निघून गेली.

दुपारी मामांचा फोन आला. "जावईबापू, रिक्षा घेऊन या." वाटेत त्यांनी विचारलं, "माझं चुकलं का हो?" मी हो म्हणालो. त्यांनी उलट प्रश्न केला नाही.

हॉटेलच्या खोलीत ते दाराशीच उभे राहिले. "तुझ्या आईच्या हातचं तेवढंच उरलंय गं."

"आणि मी, बाबा?"

मामा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "वाळलीस," एवढंच म्हणाले, आणि दोघंही रडली. बॅगा त्यांनी स्वतः उचलून घरी आणल्या, न उघडता.

वृंदा तीन आठवडे राहून परत गेली. परवा मी गेलो तेव्हा तिचा फोन नुकताच झाला होता. मामांनी चहाचा कप तसाच बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "नीट जेवते म्हणाली. मला नाही खरं वाटत."