ब्रेकचा दिवा आणि शेजाऱ्याची भिंत

स्वावलंबन हा माणसाचा सर्वोच्च धर्म आहे, आणि ज्याला आपल्या गाडीचे सगळे दिवे दुसऱ्याच्या मदतीशिवाय तपासता येतात, तो खऱ्या अर्थाने स्वतंत्र. हे वाक्य मी बराच काळ मनापासून खरं मानत होतो. ते मला सुचलं तेव्हा माझ्या गाडीचा मागचा एक दिवा पेटत नव्हता.

ती गाडी मी एका खाणीच्या निवृत्त मॅनेजरकडून घेतली होती. घर डिचोलीच्या वाटेवर आणि शाळा साखळीला, जिथे मी मराठी शिकवत असे. मधला रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. संध्याकाळी परतताना मागे भरलेला ट्रक असायचाच, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. ब्रेक दाबल्यावर आपला लाल दिवा पेटला नाही, तर मागच्याला आपण थांबलोय हे कळायला एकच मार्ग उरतो, आणि तो आपल्याला नको असतो. त्यात लाल माती दिव्यांच्या काचांवर रोज नव्याने बसायची.

पुढचे दिवे, पार्किंगचे दिवे, इंडिकेटर हे चालू करून गाडीभोवती एक फेरी मारली की दिसतात. ब्रेकच्या दिव्याला मात्र दोन माणसं लागतात. एकाने पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून ओरडायचं. आमच्याकडे ओरडण्याचं काम शेजारी करी. दर रविवारी तो लुंगी सावरत मागे उभा राहायचा आणि ‘पेटलो! पेटलो!’ म्हणायचा, जणू आगच लागली आहे.

मग राजभाषा कोंकणी की मराठी, याचं आंदोलन आलं. तो कोंकणीवाला, मी मराठीवाला. एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मराठीची बाजू मी कोंकणीत मांडली, कारण रागात मला तीच येते. कोंकणीची बाजू त्याने मराठी वर्तमानपत्रातला उतारा वाचून दाखवून मांडली. या विनोदाकडे आम्हा दोघांचंही लक्ष गेलं नाही. शेवटी मी पायरीवरच्या सगळ्यांसमोर जाहीर केलं की यापुढे या माणसाला मी कसल्याही कामासाठी हाक मारणार नाही. तोही म्हणाला, ‘मारूं नाका.’ इतकी वर्षं ‘रे’ म्हणणारा माणूस एकदम आदरार्थी बोलायला लागला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं.

घरी बायको म्हणाली, ‘मी दाबतां पांय, तुमी पळयात.’ ब्रेक ती दाबणार, मी मागून बघायचं. मी नको म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न होता. ‘तुमी दोगूय पिशे,’ असं आम्हा दोघांनाही वेड्यात काढून ती तव्यावर पोळे घालायला गेली.

पहिल्यांदा मी तिचा आरसा मागे स्टुलावर ठेवून पाहिला. त्यात मला आकाश दिसलं आणि नंतर स्टूल पडलं. मग मी भिंतीचा उपाय काढला. दिवेलागणीला गाडी उलटी नेऊन पांढऱ्या भिंतीजवळ उभी केली की दिव्यांचा लाल उजेड भिंतीवर पडतो. माझ्या कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही पक्षांच्या पोरांनी काळ्या अक्षरांत इतक्या घोषणा लिहिल्या होत्या की उजेडाला जागाच नव्हती. परिसरात कोरी, चुना लावलेली एकच भिंत होती, आणि ती शेजाऱ्याची. त्याच्या कुत्र्यामुळे तिथे कुणी लिहायला जात नसे.

मी गाडी माझ्याच हद्दीत ठेवली. उजेड त्याच्या हद्दीत गेला, त्याला माझा इलाज नव्हता. ब्रेक दाबायला बांबूचा एक तुकडा बेतून कापला आणि ब्रेकचं पेडल व सीट यांच्यामध्ये ठोकून बसवला. मग खाली उतरून, हात मागे बांधून, एखाद्या पाहुण्या मंत्र्याने पुलाची पाहणी करावी तशी दिव्यांची पाहणी केली.

शेजारी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आला. आम्ही बोलत नव्हतो, म्हणून भिंतीवरच्या उजेडाकडे बोट दाखवून तो कुत्र्याशी बोलला.

‘पळे रे बाबा, शेजाऱ्यांनी आमच्या वणटीर मराठी उजवाड घाला.’

मीही माझ्या जास्वंदीला म्हटलं, ‘सांग तांकां, उजवाडाक राजभास लागना.’

असं कित्येक रविवार चाललं. कुत्रा आणि जास्वंद यांच्यात भाषेवर बरीच सखोल चर्चा झाली. आणि एका रविवारी तो कुत्र्याला म्हणाला, ‘ब्रेकाचो एक पेटता, एक पेटना. पूण आमी किद्याक सांगचें?’

भिंतीवर मला दोन लाल डाग स्पष्ट दिसत होते. मी हसलो. गाडी घेऊन आठवडाभर ट्रकांच्या पुढे ऐटीत फिरलो. शनिवारी शिरगावच्या वळणावर एका ट्रकने माझ्या इतक्या जवळ येऊन कर्कश ब्रेक लावले की त्याच्या बंपरवरचा ‘शुभ लाभ’ मला आरशात उलटा वाचता आला.

घरी येऊन विचार केला. मी पार्किंगचे दिवे चालू ठेवूनच बांबू बसवत होतो. म्हणजे त्यांचे लाल डाग आधीपासूनच तिथे असायचे. मागे उभ्या असलेल्या माणसाला ब्रेक दाबताच दिवा अचानक उजळलेला दिसतो किंवा दिसत नाही. मला तो क्षण कधी दिसतच नव्हता, कारण त्या वेळी मी सीटखाली वाकून बांबू ठोकत असे.

मी बाकीचे दिवे बंद करून पुन्हा पाहिलं. भिंतीवर एकच डाग. बल्ब बदलला. दोन डाग. पद्धत सुधारली, भूमिका नाही. व्हरांड्यात शेजारी होता. मी पाठ फिरवून जास्वंदीला पाणी घातलं.

पुढे भाषेचा कायदा झाला, घटकराज्य झालं, मिरवणुका निघाल्या. मी बांबूवरच राहिलो. अजूनही म्हणतो, यात माझं काही चुकलं नाही. त्या रस्त्यावर मी किती वर्षं गाडी चालवली, आणि एकाही ट्रकने मला मागून ठोकलं नाही.

ठोकलं एकदाच, घरासमोरच्या उतारावर, भर सकाळी. मी ब्रेक दाबला होता, दोन्ही दिवे पेटले होते. मागून शेजाऱ्याची स्कूटर आली. त्याला काही लागलं नाही. उठून लुंगी झाडली, आसपास कुत्रा दिसेना, म्हणून माझ्याशीच बोलला.

‘दिवो दिसलो रे. पूण ब्रेक लागूंक ना.’

फुटलेल्या दिव्याची नवी काच साखळीत मिळाली नाही. ती म्हापशाहून आणायला तोच गेला. बसने.