खवट

पप्पांचं हॉटेल सातपूरला होतं, कंपन्यांच्या रस्त्यावर, आठ टेबलांचं. पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहिलं होतं, पण फॅमिली क्वचितच यायच्या. यायचे ते पहिली पाळी सुटलेले कामगार, आणि तेही पप्पांच्या काळ्या मसाल्यासाठी. आचारी त्यांनी कधी ठेवला नाही. आई गल्ल्यावर, पप्पा भट्टीपाशी.

नैवेद्य दाखवल्याशिवाय ते चमचाभर रस्साही तोंडात घालत नसत. सगळं वासावर चालायचं. कांदा किती भाजलाय, खोबरं कधी उतरवायचं, हे ते तव्याकडे पाठ करूनही सांगत.

मी सातवीत असताना हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, सर्दी गेली, वास मात्र परत आला नाही. डॉक्टरांनी थेंब दिले, मग दुसरे थेंब दिले, मग येईल हळूहळू म्हणाले. चवही बरीचशी गेली होती. तिखट तेवढं कळायचं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं.

“आईला कळलं तर ती उद्याच आचारी आणून उभा करेल. मग मी काय करू, पाणी वाढू?” ते म्हणाले. “तू कुणाशी बोलत नाहीस, म्हणून तुला सांगतोय. नाक तेवढं दे मला.”

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, दुपारची होती. सकाळी मी भट्टीपाशी उभी राहायचे. “कच्चट आहे का अजून?” “खमंग सुटला?” मी मान हलवायचे. शाळेत मराठी बोललं की तासभर उभं करायचे. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ते जेवण झालं का, अभ्यास झाला का, एवढ्यापुरतं. वासासाठी माझ्याकडे दोनच शब्द होते, चांगला आणि घाण. बाकीचं मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचे आणि बहुतेकदा बरोबर यायचं.

मे महिन्यात पावसाळ्यापुरता मसाला करायचा होता. धणे, मिरच्या, दगडफूल भाजून वर्तमानपत्रांवर पसरून ठेवलेलं. मसाला कुटून देणाऱ्या डंकावर दुपारची वेळ घेतलेली. पप्पांनी पोत्यातली सुक्या खोबऱ्याची एक वाटी फोडली आणि माझ्या नाकाशी धरली.

“खवट येतोय का गं?”

माझ्या मेणाच्या खडूंचा जुना डबा खूप दिवसांनी उघडला की यायचा, तसा वास होता. घाण नव्हता. चांगलाही नव्हता. खवट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. विचारता आलं असतं. पण ते उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना कुठलं उत्तर हवंय ते दिसत होतं.

“नाही,” मी म्हणाले.

“शाब्बास.”

त्या मसाल्याची पहिली शेवभाजी गेली, त्या दुपारी शाळेला सुट्टी होती, मी पाण्याच्या पिंपाशी ग्लास भरत होते. आमच्याकडे कित्येक वर्षं जेवणारा एक टर्नर घास तोंडात धरूनच ओरडला, “शेठ, खोबरं आजोबांच्या लग्नातलं काढलं का?”

टेबल हसलं. “अरे, डोक्याला लावायचं तेल ओतलंय त्यांनी,” शेजारचा म्हणाला. “खा, केस वाढतील.”

पप्पाही हसले. “चेष्टा करू नका, राव. वास घेऊन घेतलंय खोबरं.”

“मग घ्या की आत्ता.” टर्नरने वाटी पुढे केली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

पप्पांनी वाटी हातात घेतली, नाक रश्शापर्यंत नेलं आणि तसेच थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. गल्ल्यावरून आई आम्हा दोघांकडे बघत होती, आणि तिला कळलं.

मागच्या खोलीत त्यांनी मला विचारलं, “खवट म्हणजे काय, सांग बरं.” आवाज चढलेला नव्हता.

“माहीत नाही.”

“मग विचारायचं नाही का गं?”

ते बाहेर गेले.

आईने सगळा मसाला फेकून दिला आणि आठवड्याच्या आत गंगापूर रोडच्या एका हॉटेलातला आचारी आणला. त्याची प्रत्येक भाजी एकाच लाल रश्शातली. पप्पा गल्ल्यावर बसू लागले. आचारी आतून हाक मारायचा, “शेठ, या की, वास घेऊन सांगा जरा!” पप्पा हसल्यासारखं करायचे. मग उठून टेबलाटेबलाशी जायचे, “कसं झालंय?” इतक्यांदा विचारायचे, की लोक वैतागायचे. “तुमच्या हातचं कधी?” असं सुरुवातीला कुणी कुणी म्हणायचं. नंतर ते बंद झालं. पाचेक वर्षांनी हॉटेलही.

डॉक्टर म्हणाले तसा वास काही आला नाही. आता ते रविवारी घरी अंदाजाने भाजी करतात. मी आता सगळे शब्द शिकले आहे. एकदा धीर करून म्हणाले, “पप्पा, कांदा करपलाय. जळकट लागतंय.”

त्यांनी ऐकलं. मग आईकडे वळून विचारलं, “करपलाय का गं?”

“छे, छान झालंय,” आई म्हणाली.

“मला वाटलंच,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.