दहा किलो गूळ आणि जोतिबाचा डोंगर

सहा आठवड्यांच्या कामासाठी नाशिकहून कोल्हापुरात उतरले, तेव्हा सामानात डोंगरात घालायचे बूट होते आणि गुडघ्यात कुरकुर होती. गेल्या वर्षीच्या ट्रेकला मी अर्ध्या गडावर बसकण मारली आणि माझ्यापायी अख्खा गट माघारी फिरला. यंदा आमच्या म्होरक्या नंदिनीने स्पष्ट सांगितलं होतं : "आठ किलो पाठीवर घेऊन न थांबता एक डोंगर चढ. वर वजनाचा फोटो काढून पाठव. मगच यादीत नाव."

वजन कुठून आणायचं? घरमालकीण सुमनअक्कांनी (अक्का म्हणजे थोरली बहीण) प्रश्न तिथंच मिटवला.

"लोखंड कशाला वागवतासा? गूळ घ्या की!"

कागलजवळ त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ. तिथून दहा किलोंचा रवा (गुळाची ढेप) आला. अक्कांनी तो फडक्यात बांधून माझ्या सॅकमध्ये ठेवला.

रोज ऑफिस सुटलं की आम्ही गावाबाहेरची टेकडी गाठायचो. अक्का, त्यांच्या चार मैत्रिणी आणि पाठीवर गूळ घेतलेली मी. पहिल्या दिवशी जीभ बाहेर आली. समोरून उतरणारे आजोबा ओरडले, "ओ पावणं, घर बदलायलासा काय?"

माथ्यावर अक्का माझी सॅक उतरवून घ्यायच्या, मी पाय ताणायचे. मग सगळ्यांच्या हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. असा गूळ मी जन्मात खाल्ला नव्हता. दुसरा खडा मीच मागायचे.

तिसऱ्या आठवड्यात दम लागेना. पाचव्यात मी चढताना गप्पा मारू लागले. पन्नाशीत असा दमखम! स्वतःवर बेहद्द खूश होते.

शेवटच्या रविवारी जोतिबा. नंदिनीची यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती. अक्कांबरोबर पायवाटेने मी एकदाही न थांबता वर पोहोचले आणि ऐटीत नारळवाल्याच्या काट्यावर सॅक ठेवली.

साडेपाच किलो.

"काटा बिघडलाय तुमचा," मी म्हटलं.

"काटा बरोबर हाय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "रोज कुठला गूळ खात हुतासा मग?"

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"वजन कमी झालं की तुमाला दम लागंना. म्या म्हटलं, तुमाला त्येच पायजे!"

मला इतकं हसू आलं की तिथंच बसले. मग उठले, सहा नारळ घेतले आणि सॅकमध्ये भरले.

नारळवाला बघतच राहिला. "लोक नारळ खालनं वर आणत्यात, तुमी खाली कुठं निघालासा?"

"परत वरच येतेय!"

दुसऱ्यांदा चढताना मांड्या लटलटत होत्या, नारळ पाठीत रुतत होते. शेवटच्या वळणावर पाय अडखळला. मागून अक्का गरजल्या, "थांबू नगा! थांबलासा तर हितंच नारळ फोडीन!" हसत, धापा टाकत मी वर पोहोचले.

आठ किलो दोनशे. फोटो पाठवला. नंदिनीचं उत्तर आलं : "नाव घातलं. सॅकवर एवढ्या मुंग्या कशाच्या?"

नाशिकला परतल्यावर पहिलं काम केलं ते वजनकाटा घेण्याचं. आपण तगडे झालो की ओझं हलकं झालं, हे पाठीला कळत नाही. उरलेला गूळ मात्र मी ट्रेकला नेणार आहे. गड चढून होईपर्यंत तो संपेल, आणि या वेळी ते मला आधीच ठाऊक असेल.